आठ मात्रांची उडी

"आदी गा," शिवयोगीकाका म्हणाले. "गळ्यात न्हाय ते बोटात कुटनं येणार?"

मी घसा खाकरला. दिवसभर एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत बसून मी माईकवर गाड्या पुकारते. माझा आवाज अर्ध्या सोलापूरला पाठ आहे. पण काकांसमोर गायचं म्हटलं की हाच आवाज मांजरासारखा कोपऱ्यात जाऊन बसतो. कीबोर्ड शिकायला लागून चार वर्षं झाली, तरी त्याचं हे नखऱ्याचं वागणं सुटलेलं नाही.

त्या रविवारी तर विचारूच नका. सात रस्ता चौकाजवळचं काकांचं दोन खोल्यांचं घर त्यांची लेक अंकिता खोक्यांत भरत होती. संध्याकाळच्या गाडीनं ती त्यांना बेंगळुरूला नेणार होती, कायमचं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून काकांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. अंबूकाकू, अंकिताची अव्वा, आधीच गेलेल्या. म्हाताऱ्याला एकटं ठेवायचं तरी कुणाच्या भरवशावर?

काका मोटार रिवायंडिंगवाले. पार नातेपुत्याहून पंपांच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. तरुणपणी मात्र गड्ड्याच्या जत्रेत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. तेव्हा कधीतरी मुंबईच्या फुटपाथवरून त्यांनी एक कॅसेट आणली. वर नाव नाही, गाव नाही. आत कुणीतरी पियानोवर जॅझ वाजवत होता. काका त्याला 'अमेरिकावाला' म्हणायचे आणि ही ओळख त्यांना जन्मभर पुरली. माझ्या घरचा पंप जळला म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले होते, तर आत हे वाजत होतं. पंप दुरुस्त होऊन आला, मी मात्र तिथंच अडकले.

जॅझमध्ये आधी एक साधी चाल वाजवतात. मग वाजवणारा त्या चालीवर आपल्या मनाचं रचत जातो, तिथल्या तिथं. त्याला सोलो म्हणतात. काकांचं म्हणणं, मनाचं रचायचं असेल तर आधी थोरांचा सोलो जसाच्या तसा गळ्यात उतरवायचा, मग बोटांत. "जळकी मोटार आली की आदी तारेचे जुने वेडे मोजतो की न्हाय? मोजल्याबिगर नवी तार भरली तर मोटार चालंल व्हय?"

वेढे मोजून झाले होते. अमेरिकावाल्याचा अख्खा सोलो मला झोपेतही येत होता. नवी तार भरणं मात्र जमत नव्हतं. मनाचं वाजव म्हटलं की माझे हात बर्फ व्हायचे. "जायच्या आदी तुज्या मनाचं एक वाक्य ऐकव, बास," एवढंच काकांनी मागितलं होतं. मला विद्या दिली, चहा दिला, वेळीअवेळी शिव्याही दिल्या, आणि बदल्यात मागितलं ते एवढं. मला तेही देता येऊ नये?

या सोलोत काकांचा जीव एका जागी अडकलेला होता. तिथं पियानो खालच्या सुरांत घुटमळत असतो आणि अचानक, मधल्या आठ मात्रा गाळून, थेट वरच्या सुरावर उडी मारतो. नुसता पियानो नाही, ढोलवाला आणि बासवालासुद्धा! "तिगं एकदम उडी मारत्यात बग," काका सांगताना दर वेळी पुढं सरकायचे. "डोळ्यांनी खूण केली आसंल. काय छाती म्हणायची त्या मानसाची! माजा धंदा बसला, हिचं आजारपण आलं, तवा ही उडीच आटवायचो मी. पडत न्हाय मानूस, म्हणायचो."

आणि मागच्याच आठवड्यात मला कळलं होतं की अशी उडी नाहीच.

मी सहज काकांची कॅसेट फोनला ऐकवली. फोननं त्या माणसाचं नावगाव सांगितलं आणि मूळ रेकॉर्डिंगही काढून दिलं. त्यात अमेरिकावाला शहाण्या माणसासारखा एकेक पायरी चढून वर जात होता. आठच्या आठ मात्रा जागेवर. म्हणजे कॅसेटची फीतच मध्ये तुटून पुन्हा जोडलेली होती. हे काकांना सांगायचं? ज्या उडीच्या जोरावर माणूस आयुष्य रेटतो, ती नव्हतीच म्हणून सांगायचं, तेही घर सोडायच्या दिवशी? मी तोंड शिवून बसले होते.

मी गायले, कसंबसं. तेवढ्यात शेंगाचटणीचा डबा खोक्यात कोंबत अंकिता म्हणाली, "अप्पा, ती कॅसेट कशाला नेताय? तिकडे वाजवणार कशावर? थांबा, फोनवर सगळं मिळतं."

"अंकिता, राहू दे गं," मी म्हटलं.

"अगं, दोन मिनिटांत निघतं." तिनं टेप लावला आणि फोन जवळ धरला. बिचारी बापासाठी करत होती.

फोनमधून स्वच्छ, टवटवीत पियानो वाजू लागला. काका खूश झाले. ती जागा जवळ आली तसे सवयीनं पुढं सरकले, डावा हात वर उचलला. आणि अमेरिकावाला पायऱ्या चढून गेला.

काकांचा हात तसाच वर राहिला.

"परत लाव," ते म्हणाले.

अंकितानं परत लावलं. पुन्हा पायऱ्या. काका माझ्याकडे वळले. "तुला ठावं हुतं?"

"मागच्या आठवड्यात कळलं, काका. सांगायचा धीर झाला नाही."

त्यांनी टेपमधून कॅसेट काढायला लावली, मधली फीत बोटानं ओढत ओढत बघत राहिले. एका जागी फितीवर लाल ठिपका होता.

"ही तर अव्वाची नेलपॉलिश," अंकिता एकदम म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून खालीच बसली. "अप्पा, तुम्ही मुंबईहून ही आणलीत आणि लगेच ऑर्केस्ट्राबरोबर बार्शीला गेलात. मी हट्ट करून टेप लावला आणि त्यानं फीत खाल्ली. अव्वानं चुरगळलेला तुकडा कात्रीनं कापला, नेलपॉलिशनं जोडलं. फुंकर मी मारत होते. म्हणाली, अप्पाला सांगू नको, तुला मारतील."

"मला येका शब्दानं बोलली न्हाय ती."

"तिला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही."

"कसं कळंल? आदी ऐकलीच कुटं हुती मी!" काकांनी फीत डोळ्यांजवळ नेली. "जन्मभर म्हणायची, तुमचं टुंगटुंग मला कळत न्हाय."

मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. पण काकांच्या खांद्याला कंप सुटला तो हसण्याचा होता. हसता हसता डोळे वाहू लागले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "अय्यो, सोनाली! अमेरिकावाल्याच्या छातीला सलाम करत बसलो की गं. आन् कात्री हिची! घरातच हुती उडी मारनारी." मग लाल ठिपक्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "वाजव आता."

"कुठलं, काका? फोनवरचं की कॅसेटमधलं?"

"आपल्या घरातलं."

मी कीबोर्डवर बसले. खालच्या सुरांत घुटमळले आणि उडी मारली. पुढचे अमेरिकावाल्याचे सूर येत होते मला, पण हात तिकडे गेलेच नाहीत. तो या वाटेनं आलाच नव्हता. इथं आधी फक्त अंबूकाकू येऊन गेल्या होत्या, कात्री घेऊन. त्यांना टुंगटुंग कळत नसताना जमलं, मग मी कशाला घाबरू? मी दोन सूर वाजवले. तेच पुन्हा, जरा लांबवून. मग तिसरा चढवला, शेवट खाली सोडला.

"ही तर बार्शी गाडी!" काका ओरडले.

खरंच की! मी रोज माईकवर ती गाडी जो हेल काढून पुकारते, तोच बोटांतून आला होता. मला हसू फुटलं, पण मी थांबले नाही. काका खुर्ची ओढून शेजारी आले आणि त्यांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला. खाली त्यांचा डावा, वर माझा उजवा. दोघांत मिळून एक पियानोवाला पुरा झाला. अंकिता चटणीचा डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

कीबोर्ड त्यांनी मलाच देऊन टाकला. कॅसेट मात्र शर्टाच्या खिशात घातली. मी पाया पडले. म्हटलं, "काका, तुम्ही नसता तर मी फक्त गाड्याच पुकारल्या असत्या." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

रिक्षात बसल्यावर त्यांनी आपला उजवा हात मांडीवर नीट ठेवला आणि डाव्या हाताची बोटं त्याच्यावर वाजवू लागले. मघाचाच ठेका. माझ्याकडे बघून त्यांनी 'गा' अशी हनुवटी उडवली. रिक्षा सुरू झाली, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि मी भर सात रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं गायले.