तीन पायांचा गवा

नॉर्थ डकोटातल्या नाणेसंग्राहक मंडळाच्या काचेच्या कपाटात आपलं नाणं मधोमध झळकावं, एवढीच फेरिस हॉगलंडची इच्छा होती. त्यासाठी त्याने १९३७ सालचं पाच सेंटचं नाणं आणलं होतं. त्यावरच्या गव्याला पुढचा एक पाय नव्हता.

"टांकसाळीची दुर्मीळ चूक म्हणतात लोक. चूक कसली? हा आमच्या आजोबांचा गवा! थंडीत पाय गोठून गळला बिचाऱ्याचा. कोरणारा प्रामाणिक, दिसलं तेच कोरलं."

परीक्षक ओर्फाबाईंनी भिंग लावलं. "भलताच प्रामाणिक हो! पण त्या चुकीच्या नाण्यांवर पाय गेला तरी खूर जागेवर असतो. तुमच्या गव्याचा खूरही गेलाय, आणि कानशीचे ओरखडे अगदी ताजे आहेत."

सगळं मंडळ खो खो हसलं. कपाट हातून निसटताना फेरिसला दिसत होतं.

"खूर आजोबांनी आठवण म्हणून काढून घेतला, बाई," तो म्हणाला. "कानशीनेच."

ओर्फाबाईंनी नाणं खरोखरच कपाटात मधोमध ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली: 'बनावट नाणं कसं ओळखावं'.

फेरिस वर्षभर पाहुण्यांना ते कपाट अभिमानाने दाखवत होता, काचेवर नेमका चिठ्ठीसमोर तळहात ठेवून.