उसनं दिलेलं मलम

मित्रांनो, मी मलमाची एक ट्यूब आहे. शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत आता जेमतेम अर्धी उरले आहे. बार्शीटाकळीतल्या एका घरात, आरशामागच्या फळीवर पडून असते. माझ्यात स्टिरॉइड आहे. कुणी मला अमृत समजतं, कुणी विष. मी दोन्ही नाही, पण हे ऐकायला कुणाला वेळ नसतो. खरंच सांगते, फार दमले आहे मी.

कारखान्यात माझ्या अंगावर बारीक अक्षरांत छापलं होतं, की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नका. ते वाचणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. अकोल्याच्या एका औषधाच्या दुकानातून मी साधनाबाईंच्या पिशवीत आले.

साधनाबाईंच्या हातांना सात वर्षं इसब होता. तळहात खाजायचे, भेगा पडायच्या, रक्त यायचं. पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया आळीपाळीने एकेकीच्या घरी कुरडया करतात. कुणी चीक शिजवते, कुणी साचा दाबते. साधनाबाई आल्या, की सगळ्या म्हणायच्या, "तू बस वं तिकडं, कावळे हाकल." सात उन्हाळे त्या बाईने कावळे हाकलले!

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं. "हे लागट नाही. दोन्ही तळहातांना मिळून बोटाच्या एका पेराएवढं मलम, रात्री एकदा, पातळ थर. दोन आठवडे. मग आठवड्यातून दोनदाच. दिवसभर साधं व्हॅसलीन लावा आणि पाण्यात हात घालताना हातमोजे घाला. आणि हे मलम फक्त तुमच्या हातांसाठी आहे."

साधनाबाईंनी अगदी तसंच केलं. महिन्याभरात हात मऊ झाले. त्या वर्षी शेजारच्या चतुराबाईंनी स्वतः बोलावलं, "ये वं, साचा धर." त्या दिवशी घरी येऊन साधनाबाईंनी मला उचलून चक्क कपाळाला टेकवलं. माझ्या साऱ्या आयुष्यात तेवढंच काय ते कौतुक!

मग आठवड्याने चतुराबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या, विरजण मागायला यावं तशा.

"साधना, मलेबी दे थोडं. कमरेले लई खाज सुटून राहिली. डाक्टरले कुठं दाखवू तिथलं?"

"मावशी, बाईनं कोनाले देऊ नको सांगतलं."

"काहून? आमी तुले साचा धरू देल्ला, तू मले बोटभर मलम नाई देत?"

साधनाबाईंनी मला वाटीत पिळलं. नाही म्हटलं तर पुन्हा कावळे हाकलायला बसवतील, हीच भीती. मला तोंड असतं, तर मी ओरडले असते. कारण चतुराबाईंना इसब नव्हता. तो गजकर्ण होता.

गजकर्णावर मी खाज तेवढी दाबते. आत बुरशी मोकाट वाढते. चार दिवस चतुराबाई खूश होत्या. वाटी दोनदा पुन्हा आली. मग कमरेवरचे चट्टे पोटावर गेले, पाठीवर गेले. एके दिवशी भर गल्लीत त्या म्हणाल्या, "हे तुह्याच हातचं लागलं मले! चिकात हात घातला तुनं!"

साधनाबाईंना बोलावणी बंद झाली. त्यांनी मला फळीच्या कोपऱ्यात फेकलं आणि सगळेच उपाय सोडून दिले. पंधरा दिवसांत हात पुन्हा उलले. चूक मला दुसऱ्यांना वाटून देण्यात होती, आणि शिक्षा भोगली त्या हातांनी.

शेवटी त्या अकोल्याला गेल्या, डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. परत आल्या त्या थेट चतुराबाईंच्या दारात. मी पिशवीत होते.

"मावशी, माह्या हातानं नाई झालं. हातचं लागतच नाई. पन ज्यास्त झालं ते माह्या मलमानं. मी द्याले नको होतं, भेले मी. उद्या चाल माह्यासंग."

चतुराबाई आधी खूप बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या. औषधं बरेच महिने चालली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी साधनाबाईंना चारचौघींत बोलावलं. दोघी बाया उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

त्याच दुपारी त्यातल्याच अकीलाबींनी हळूच विचारलं, "साधना, पोरीच्या तोंडावर डाग आले. तुहं मलम देशील काय जरासं?"

साधनाबाईंच्या पिशवीत मी अंग चोरलं. पुन्हा तेच, म्हटलं.

साधनाबाईंचे हात साच्यावर थांबले. सगळ्या बघत होत्या. "नाई देत," त्या म्हणाल्या. "राग आला तं येऊ दे, कावळे हाकलाले बसवा. पन पोरीले घेऊन अकोल्याले चाल, मी येतो संग."

मित्रांनो, मला भिऊन फेकू नका आणि माया म्हणून वाटू नका. ज्याच्यासाठी लिहून दिलं, त्याच्यापाशीच मला राहू द्या. कुणी मागितलंच, तर मला देण्यापेक्षा त्याच्यासोबत दवाखान्यात जा.