संत मिहायचा बिनखुरांचा घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे; पण मला खूर नाहीत, शेपूट नाही, आणि आजवर मी एकदाही खिंकाळलेलो नाही. मला चार सरळ पाय आहेत, पाठीला आडव्या पट्ट्या आहेत आणि पुढेमागे खांद्यावर घेण्याजोगे लांब दांडे आहेत. तिरडीच म्हणा ना मला; पण माणसाबरोबर संपून न जाणारी, त्याला पोचवून परत येणारी. आमच्या फेन्योसाद गावात मला संत मिहायचा घोडा म्हणतात. मेलेल्यांचा वाटाड्या देवदूत मिहाय. त्याच्या घोड्यावर जो बसला, तो पुन्हा घरच्या अंगणात उतरत नाही.

घंटाघराचा जुना ओकचा खांब बदलला, त्या लाकडातून आगोश्तोन सुतारानं मला घडवलं. शेवटचा खिळा ठोकून तो माझ्यावर उताणा निजला, लांबी पुरते का ते पाहायला. त्याची बायको रेगिना दारातून ओरडली, "उठा आधी! माप घ्यायला असं कुणी निजतं का त्याच्यावर?"

"अगं, माझ्याएवढा उंच गावात आहे कोण? मी मावलो म्हणजे सगळे मावले."

पहिला बर्फ पडायच्या आत मी पहिला स्वार नेला. तो आगोश्तोनच होता. मावलाही अगदी बरोबर.

तेव्हापासून माझं घर म्हणजे घंटाघराचा तळ. वर घंटा, खाली मी. वारा नसतानाही तिचा दोर हळूहळू झुलायचा, आणि मी पाहत राहायचो. गावात कुणी जायचं असलं की माझं लाकूड करकरतं. मी बोलावत नाही हो कुणाला! येणारं वजन मला आधी कळतं, एवढंच. म्हाताऱ्या गुडघ्याला पाऊस कळतो तसं. पण गावाला ते कोण सांगणार? पाण्याला निघालेल्या बायका घंटाघराशी थबकायच्या आणि घंटा वाजवणाऱ्या आंतालला विचारायच्या. आमच्याकडे वडीलधारा पुरुष तो बाची, आणि बाई ती नेनी.

"आंताल बाची, घोडा करकरला का हो?"

"उंदीर होता, पिरोश्का."

"कालही उंदीर म्हणालात, आणि सकाळी रेबेका नेनी गेली."

"मग मोठा उंदीर असेल."

हसत हसत घागरी निघून जायच्या. पण पावलं जरा भरभर पडायची.

माझ्या पाठीवरून गेलेली कितीतरी माणसं एकाच अंगणात जन्मली, त्याच अंगणात मेली, आणि तरी त्यांचं राज्य दोनदा बदललं. सरहद्द आमच्या डोक्यावरून ढगासारखी सरकली. शिपायांच्या टोप्या बदलल्या, चावडीवरची पाटी बदलली. आम्ही मात्र आमच्याच भाषेत रडत राहिलो. नक्षीदार मोठे दरवाजे, त्यांच्या माथ्यावरची कबुतरांची घरं, आणि मेलेल्याला वाटेला लावायची रीत, एवढं गावानं हातातून सुटू दिलं नाही.

या रीतीत दोन गोष्टी मोडायच्या नसतात. पहिली अशी, की स्मशानातून मला परत आणताना पालथं, पाय वर करून आणायचं. म्हणजे वाटेत रिकाम्या पाठीवर कुणी चढत नाही. एकदा पावसाच्या घाईत मला सरळच आणलं. आलुबुखारांच्या बागेपाशी माझी पाठ जड झाली. उचलणाऱ्यांनी खांदे बदलले. घंटाघरात मला टेकवलं तेव्हा पाऊस केव्हाच थांबून बाकीचं लाकूड सुकलं होतं, आणि पट्ट्या मात्र ओल्या होत्या, कुणी भिजलेला माणूस त्यांवर निजून गेल्यासारख्या.

दुसरी रीत निरोपाच्या ओवीची. शवपेटी माझ्यावर ठेवून मला अंगणात उभं करतात, आणि गावचे मास्तर मेलेल्याच्या तोंडानं गातात. तो मेलेला मग एकेकाचं नाव घेऊन निरोप घेतो. बायकोचा, मुलांचा, शेजाऱ्यांचा, विहिरीचा, गाईचासुद्धा. एकही नाव गळता कामा नये. ज्याचा निरोप राहिला, त्याचा हात मेलेल्याच्या हातातून सुटत नाही, असं आमच्याकडे मानतात. मग एक तर मेलेला अडतो, नाही तर तो जिवंत माणूस मागोमाग ओढला जातो.

आता गाशपार बाचीची गोष्ट ऐका, मित्रांनो. ती सांगण्यासाठीच मी एवढा वेळ करकरतो आहे.

इमेच गाशपार म्हणजे हट्टाचा मेरू. त्याची मुलगी वेरोन्का. खिंडीपलीकडच्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या मेंढपाळाशी, इलारिएशी, तिनं लग्न ठरवलं. आमच्याकडे नवरी मोठ्या दरवाजातून बाहेर पडते. गाशपारनं त्या दिवशी मोठा दरवाजा लावून घेतला. वेरोन्का बाजूच्या लहान दारानं गेली, हातात एक गाठोडं घेऊन. पुढे बापानं तिचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि अंथरुणाला खिळल्यावर देनेश मास्तरांना जवळ बोलावून शब्द घेतला, "माझ्या ओवीत तिचं नाव नको."

तो गेला तेव्हा डोंगरातून धुकं उतरलं होतं. भर दुपारी अंगणात माणसांचे पाय दिसत होते, तोंडं दिसत नव्हती. वेरोन्का खिंड ओलांडून आली आणि मोठ्या दरवाजाच्या बाहेरच उभी राहिली. तिच्या काळ्या ओढणीवर दव साचलं होतं.

मास्तरांनी सूर लावला. देनेश मास्तरांचा आवाज रोजचा पातळ, पण त्या दिवशी तो खाली उतरला, घोगरा झाला, थेट गाशपारचा झाला.

येतो मी बोर्बाला, उंबऱ्याशी नको रडू,
सरपण रचून ठेवलं, थंडीत नको कुढू.

येतो मी लाझार बाळा, बैलांना घाल चारा,
कुंपण मोडलं मागलं, उचल तू भार सारा.

मग शेजारी आले, विहीर आली, लंगडा कुत्रासुद्धा आला. आणि मास्तर थांबले. बायकांच्या घोळक्यातून एक सुस्कारा गेला. कुत्र्याचं नाव घेतलं, पोटच्या पोरीचं नाही! वेरोन्काच्या आसपास उभ्या असलेल्या दोघीतिघी हळूच बाजूला सरकल्या. जणू तीही आता अर्धी मेलेल्यांतली झाली होती.

सहा गडी दांड्यांना भिडले. पुढे होता आम्ब्रुश, गावचा थट्टेखोर. "हं, उचला!" तो म्हणाला.

मी हललो नाही.

"गाशपार बाचीनं पेटीत नांगर घेतलाय की काय रे? पुन्हा!"

दांडे वाकले. माझ्या पायांखालची माती दबली. मित्रांनो, गाशपार आजारानं वाळून काडी झाला होता. ते त्याचं वजन नव्हतं. पेटीतून खाली, माझ्या पट्ट्यांतून, पायांतून, जमिनीत काहीतरी उतरत होतं. मुळ्या उतरतात तसं. दरवाजाच्या माथ्यावरची कबुतरं एकदम उडाली, आणि पंखांचा आवाज झाला नाही. उशाशी लावलेल्या मेणबत्त्यांच्या ज्योती, वारा नसताना, सगळ्या मिळून दरवाजाकडे कलल्या. वेरोन्का उभी होती तिकडे.

आम्ब्रुशच्या तोंडची थट्टा गेली. "मास्तर, राहिलेली ओवी म्हणा."

"मरणाऱ्याला शब्द दिलाय मी."

"मग त्याला न्या तुम्हीच काखोटीला मारून!"

तेव्हा विधवा बोर्बाला पुढे झाली. तिनं पेटीवर हात ठेवला आणि स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी बोलू लागली. "ऐकताय का? जन्मभर हट्ट केलात, मी आंबट कोबीसारखा गिळला. आता लोकांची कामं खोळंबलीत. नाव घ्या पोरीचं. नाही तर सांगून ठेवते, तुमच्या शेजारी निजायला मी येणार नाही. पलीकडच्या भिंतीशी खड्डा घेईन, तुमच्या त्या बहिणीजवळ!"

कुणीतरी धुक्यात फिसकन हसलं. पेटीतलं ओझं, खरं सांगतो, कणभर चाळवलं. पण सुटलं नाही.

मग वेरोन्का दरवाजातून आत आली. तिच्या पावलांखाली खडी वाजत होती, एवढाच काय तो आवाज. ती आईला म्हणाली, "त्यांनी नाव घेतलं नाही, तर मी कुणाची गं?" वेरोन्का आम्ब्रुशसमोर जाऊन उभी राहिली. "सरक."

"वेरोन्का, अगं बायका घोड्याला खांदा देत नाहीत."

"मग उचल ना तू. कुणी धरलंय?"

तो सरकला. तिनं ओढणी खांद्याशी सारली, दांडा घेतला, आणि मी उठलो. झटक्यानं नाही, चिखलातून पाय निघावा तसा, एकेक मूळ सोडत. देनेश मास्तरांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

चढणीला लागलो. पुढे धुकं, मागे घंटा. आणि आलुबुखारांच्या बागेपाशी, माझ्या लाकडाला टेकलेल्या पेटीच्या लाकडातून, मला आवाज आला. गाशपार ओवी म्हणत होता. मास्तरांच्या तोंडानं नव्हे, स्वतःच्या. ओवीत पहिलंच नाव होतं वेरोन्काचं. तिचा खांदा दांड्याखाली, कान हातभर अंतरावर, आणि तिला ऐकू येत नव्हतं! मी करकरलो, जीव तोडून करकरलो. मागचा गडी म्हणाला, "जपून रे, लाकूड जुनं झालंय."

ती ओवी मी तुम्हाला लगेच सांगणार नाही. जिची होती तिच्या आधी ती दुसऱ्याला सांगणं बरं नव्हे.

दफन झालं. मला पालथं करून परत आणलं. घंटाघराशी मायलेकींचा निरोप झाला, तो मी दाराच्या फटीतून ऐकला.

"आई, शेवटी बाबा काही म्हणाले होते का गं?"

"पाणी मागितलं."

वेरोन्का खिंडीकडे गेली. मरायला नाही गेली, जगायलाच गेली. पण हात न सुटलेलं माणूस कसं जगतं, ते मी वरचेवर पाहिलं. दर वर्षी मृतांच्या दिवशी, सगळी टेकडी मेणबत्त्यांनी पेटलेली असताना, ती यायची. बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची आणि ती ज्योत म्हणे तिच्याकडेच कलायची. परत जाताना ती घंटाघराच्या दाराला कान लावून उभी राहायची. आत मी, बाहेर ती, मधे फळी. मी म्हणायचो, तिला फक्त करकर ऐकू यायची.

वर्षं लोटली. गावानं शवघर बांधलं, काळी मोटार घेतली. मला कोळ्यांनी जाळ्यात गुंडाळलं. लाकडाला कीड लागली. कौतुक गेलं, भीतीही गेली. खरं सांगू? भीती गेल्याचं जास्त वाईट वाटलं. आणि मग एका वसंतात, कुणी मागितलं नसताना, मी करकरलो. इतका, की वरची घंटा आपोआप गुणगुणली.

खिंडीपलीकडून एक गाडी आली. वेरोन्काचा मुलगा तोदोर तिची शवपेटी घेऊन आला होता. आमची भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती. तो घंटाघराची किल्ली मागू लागला.

"अरे, मोटार आहे ना गावची! गरम सीट आहे तिला," काळ्या मोटारीचा ड्रायव्हर म्हणाला.

"आईला सीट नको. आई म्हणाली, घोडा."

"तो घोडा मोडेल, लेका."

"मोडेल तर मी धरेल."

मला झाडलं, पुसलं, दांड्यांना दोर बांधले. वेरोन्काची ओवी झाली, त्यात एकही नाव गळलं नाही. गडी चढणीला लागले, आणि आता तिची पेटी माझ्या पाठीला टेकलेली होती. लाकडाला लाकूड. आलुबुखार फुललेले होते, पांढरे, आवाज न करणारे. मी तिला तिच्या बापाची ओवी सांगितली.

येतो मी वेरोन्का, दार मी लावलं होतं,
आतल्या बाजूनं माझं कपाळ टेकलं होतं.

पेटीच्या आत काहीतरी थांबलं. मग उचलणारे एकमेकांकडे पाहू लागले. "रिकामी आहे की काय रे?" पुढचा कुजबुजला. "पीस आहे नुसतं." तोदोरनं पेटीवर हात ठेवला आणि तो सबंध वाट ठेवलेलाच राहिला, वाऱ्यानं उडून जाईल म्हणून.

ती माझी शेवटची फेरी. आता मी गावच्या वारसाघरात असतो, रंगवलेल्या संदुका आणि हातमागांच्या सोबत. पाहुणे येतात. मुलं पाठीवर बसून फोटो काढतात. त्यांना सांगा, मित्रांनो, की उतरा, या पाठीवर खेळू नका. माझी धूळ कधीमधी झटका, कीड लागली तर तेल लावा. माझ्यात एक गाव निजलेलं आहे.

आणि अजून एक. काल एक गृहस्थ माझ्यासमोर उभा राहून फोनवर मुलाशी भांडत होता. "माझ्यासाठी तू मेलास," म्हणाला, आणि फोन बंद केला. मी करकरलो. त्यानं खाली पाहिलं; त्याला वाटलं, पायाखालच्या फळ्या जुन्या आहेत.

तोंड आहे तोवर नाव घ्या, मित्रांनो. नंतर आपली ओवी ऐकायला लाकडाशिवाय कुणी उरत नाही, आणि लाकूड फार उशिरा बोलतं.