अकरा सेकंदांची कमलिनी

मार्गशीर्षातले ऊन यवतेश्वराच्या डोंगराच्या खांद्यावरून उतरत होते. पीतकोमल ऊन, परागधूसर ऊन, कुणाचेच काही न ऐकणारे ऊन. साताऱ्याच्या कौलांवरून, गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या सतरंज्यांवरून ते ओघळले आणि कारखानीसांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन थबकले. कारण पुढे जायला जागाच नव्हती. टेबलावर सहा फोनो प्रीअँप होते.

कृष्णमुख, रजतकांती, काचनयन. लोणच्याच्या बरणीला वेढा घालून बसलेले सहा मौनी डबे. शरच्चंद्र कारखानीस तीन वर्षे उभ्यानेच जेवत होते.

रेकॉर्डच्या खाचेतून सुई जो स्वर उचलते, तो मुळात मुंगीच्या उसाशाएवढा. त्याला मोठे करायचे, अंगावर चार कपडे चढवून जगापुढे आणायचे, एवढेच या डब्याचे काम. पण प्रत्येक डबा कपडे निराळे चढवतो, आणि सगळे दुःख तिथेच होते.

कपाटात तीनशे बारा रेकॉर्डी. त्यांतल्या एकीत, दुसऱ्या कडव्यानंतर, सात मुली अकरा सेकंद आलाप घेतात. सहा वेळेवर येतात. सातवी किंचित उशिरा. ती कमलिनी; बाविशीतली, लग्नाआधीची. बसला उशिरा, हळदीकुंकवाला उशिरा, स्वतःच्या मुहूर्तालाही उशिरा पोचलेली कमलिनी. गेली तेवढी घाईने. तिचा आवाज आता जगात तेवढ्या एकाच जागी राहत होता.

पहिल्या डब्यातून ती पडसे झाल्यासारखी आली. दुसऱ्यातून, लोखंडी कपाटात कोंडल्यासारखी. तिसऱ्यातून इतकी मधाळ, की कारखानीसांनी दचकून डबा बंद केला. बत्तीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी असे एकदाही बोलली नव्हती. मग चौथा, मग पाचवा, मग सहावा. सहा डबे, सहा कमलिनी. आणि खरी कोणती, हे हळूहळू त्यांनाच आठवेनासे झाले.

डबे आणायचा मुनीर बागवान, रेडिओ दुरुस्त करणारा. आठ दिवस वापरून बघा, या बोलीवर. आठ दिवस उलटत, डबा राही. डबे कसले बदलताय काका, सुई बदला, सुई म्हातारी झाली, असे तो दर खेपेला सांगे. पण सुई कमलिनीने पुण्याहून रुमालात बांधून आणलेली. कारखानीस त्याला चहा विचारत आणि विषय संपे.

रोज तिन्हीसांजेला तीच सुई, तोच आलाप. उचलायची, ठेवायची. उचलायची, ठेवायची. आकाश तांबूस होई, जांभळे होई, विझे. उचलायची, ठेवायची.

आज सातवा डबा आला. मुनीरने तारा जोडल्या आणि घरात जणू कुणी खिडकी पुसली. निर्मळ, निःसंग, निष्पाप नाद. गायिका आली, सारंगी आली, तबल्याच्या शाईचा ओलावासुद्धा आला. दुसरे कडवे संपले.

आणि आली खरखर. विस्तीर्ण, सुस्पष्ट, कणाकणाने वेचून घ्यावी अशी देखणी खरखर. अकरा सेकंद.

मुनीरने रेकॉर्ड उचलून उन्हात तिरपी धरली. त्या कृष्णवर्तुळात दोऱ्याएवढे एक राखाडी कडे झिजून उमटले होते.

“डब्यात खोट नाही, काका,” तो म्हणाला. “जे उरलंय ते सगळं ऐकवतोय. ही जागा किती वेळा ऐकलीत?”

“ऐकली कुठे रे,” कारखानीस म्हणाले. “नुसती तपासत होतो.”

हाताला काम हवे म्हणून मुनीरने कुंचल्याने सुई झाडली. टोकाशी खाचेतून खरवडलेली लव साठली होती. धूसर, तीळभर, भस्मासारखी. कारखानीसांनी ती बोटाच्या पेरावर घेतली.

ऊन टेबलावरून उतरले, फरशीवरून सरकले, उंबऱ्यापाशी मावळले. कारखानीस बोट तसेच धरून बसले होते. श्वास सोडला तर उडेल म्हणून, अगदी थोडा, अगदी हळू, श्वास घेत.