पिवळी हळद आणि हिरवी खूण

पंचवटीतल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीबाबा रक्तातला विषार तळहातावर काढून दाखवतो म्हणे! भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे रांगेत होते. आज सर्वांत पुढे सुमनबाई, आपल्या पाच चेल्यांना घेऊन. तृतीयपंथीयांच्या त्या घरात गुरूचा शब्द मोडायची रीत नाही. सुमनबाई "चला" म्हणाली, की पोरी निघाल्या.

मागे ज्योत्स्ना उभी होती, कडेवर आठ महिन्यांची रोशनी. या पोरींच्या मोबाइलमध्ये ज्योत्स्नाच्या संस्थेचं ॲप होतं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची आणि ॲपवर 'घेतली' दाबायचं. इकडे ज्योत्स्नाला हिरवी खूण दिसायची. त्यांतल्या मोहिनीच्या खुणा सलग पस्तीस दिवस हिरव्यागार. काल सहज फोन केला, तेव्हा ती बोलून गेली, "ताई, गोळ्या तर कधीच्या बंद. बाबांनी विषार काढला ना! खूण मात्र रोज करते. तुमचं बाळ लहान, उगाच काळजी कशाला?"

बाळ झाल्यापासून ज्योत्स्नाने फोन करणं सोडलंच होतं. रोशनीला पाजता पाजता अंगठ्याने पडदा सरकवायचा, हिरवं दिसलं की निश्चिंत.

"हा साधासुधा विषार नाही, महिन्याच्या महिन्याला काढावा लागतो!" बाबा गरजला. मोहिनीच्या तळहातावर त्याने ओली हळद फासली आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं. हळद लालभडक! "मोठमोठी मशिनं या तांब्यापुढे लोटांगण घालतात!" मग दुसऱ्या तांब्यातलं तीर्थ. हात पुन्हा पिवळा. "गेला! आता डॉक्टर नको, गोळी नको!"

तो लाल रंग ज्योत्स्नाच्या ओळखीचा होता. रोशनीच्या झबल्यावरचा वरणाचा डाग सकाळी साबण लावताच अस्साच लाल झाला होता.

"सुमनबाई, पानाचा डबा द्या जरा."

"आत्ता पान? लेकराला पाजतेस ना गं तू?"

"पान नको, चुना हवाय."

तिने बाटलीतल्या पाण्यात चुना कालवला, स्वतःच्या हाताला हळद लावली, पाणी ओतलं. लाल! भाजीवालीकडून लिंबू घेऊन पिळलं. पिवळा!

"पाखंडी बाई!" बाबा ओरडला. "श्रद्धा नसेल तर फळ मिळत नाही!"

"श्रद्धा नसतानाच मिळालं की! आता तुमचा पहिला तांब्या या पायरीवर सांडलेल्या हळदीवर ओता. दगडालाही विषार झालाय का, बघू."

बाबा हलेना. सुमनबाईनेच तांब्या हिसकावून ओतला. पायरी लाल झाली आणि तिची टाळी गल्लीभर कडाडली. "ए महाराज, दगड कुणाबरोबर झोपला रे?"

गर्दी हसली. सुमनबाई मात्र हसली नाही. "दवाखान्यात पोरींना पुरुषांच्या रांगेत ढकलतात. ह्याने बेटी म्हणून हात धरला. म्हणून आणलं मी."

मोहिनी तळहात साडीला पुसत राहिली. "ताई, या महिन्यात दोनदा कंडोमही नव्हता. बाबा म्हणाले होते, आता भीती नाही."

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना दवाखान्यात मोहिनीसोबत बायकांच्या रांगेत उभी राहिली. तपासणी निगेटिव्ह आली. पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, लागण नुकतीच झाली असेल तर आज दिसणार नाही; आजपासून गोळी पुन्हा रोज घ्यायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागेल.

"चूक माझी, ताई. मी खोटं दाबलं."

"त्याने तुला रंग दाखवला, तू मला. तू निदान खात्री करायला हात पुढे केलास, मोहिनी. मी तर इतके दिवस फोनसुद्धा केला नाही."

रंग का बदलला, हे विचारायला पदवी लागत नाही. आणि हिरवी खूण सांगते ते एवढंच, की कुणीतरी बटण दाबलं. बाकीचं माणसालाच विचारावं लागतं, मग समोर बाबा असो की मोबाइल.

संध्याकाळी ॲपवर मोहिनीची हिरवी खूण उमटली. ज्योत्स्नाने रोशनीला खांद्यावर घेतलं आणि फोन लावला.