मन्चुरियनच्या वासाचा देवदूत

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अर्धी गल्ली आमच्या नाशिकरोडच्या घरात घुसली होती. ब्रदर अँसेल्म आज देवदूत उतरवणार होते. फरशीवर मिठाचं रिंगण, रिंगणात बुटक्या मेणबत्त्या आणि मधोमध काळा झगा घातलेले ब्रदर. झगा वकिलाकडून आणल्यासारखा दिसत होता.

"पण हे फादरांना चालेल का?" माझ्या सासूबाईंनी, ल्युसीबाईंनी, भीतभीत विचारलं.

ब्रदर म्हणाले, "आई, फादर धूप जाळतात, मीही जाळतो. ते पवित्र पाणी शिंपडतात, मीही शिंपडतो. त्यांचा अर्ज रांगेतून वर जातो, माझी रफाएल देवदूताशी थेट ओळख आहे! त्यानं मेणबत्त्या फुंकल्या की तुमची शुगर गेली. इन्सुलिन आजपासून बंद!"

मागे एकदा शुगर वाढून सासूबाई बेशुद्ध पडल्या होत्या.

ब्रदरांनी जरीच्या कापडाखालचा पितळी चषक उचलला, भरभक्कम लॅटिन म्हटलं आणि चषक मेणबत्त्यांवर कलता केला. थेंबही पडला नाही, पण मेणबत्त्या पटापट विझल्या. "आमेन!" सगळे ओरडले. शेजारच्या भागीबाईंनी तर ओवाळायला ताट मागितलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण आधी कामाला आलं ते नाक. "ब्रदर, देवदूत आला की मन्चुरियनचा वास का येतो?"

"स्वर्गीय सुगंध आहे तो!"

"थांबा, मग मीही बोलावते."

स्वयंपाकघरात जाऊन मी तांब्यात खायचा सोडा टाकला, वर मन्चुरियनमध्ये घालतात ते व्हिनेगर ओतलं आणि फेस बसू दिला. मेणबत्त्या पुन्हा पेटवल्या. तांब्या हलकेच कलता करत गंभीर आवाजात म्हटलं, "घोटी... निफाड... विंचूर!"

मेणबत्त्या विझल्या. भागीबाई सवयीनं "आमेन" म्हणाल्या.

"अहो, फेसातून कार्बन डायऑक्साइड निघतो," मी म्हणाले. "हवेपेक्षा जड वायू. दिसत नाही, पण पाण्यासारखा ओतता येतो. ज्योतीला हवा मिळत नाही, ती विझते. मंत्र कुठलाही चालतो, गावांची नावंसुद्धा."

सासूबाईंनी ब्रदरांच्या हातातला चषक हिसकावून पालथा केला. फेसाळ व्हिनेगर मिठावर सांडलं.

"मी देवापुढे हात जोडते," त्या कडाडल्या, "आणि तू त्याच्या दूताला गड्यासारखी हाक मारतोस? तीही चायनीजच्या बाटलीतून? स्नेहल, आधी माझं इंजेक्शन आण. मग जपमाळ दे."

ब्रदर झगा सावरत जिना उतरले.

प्रार्थना करावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आमेन म्हणण्याआधी त्याचा चषक पालथा करून बघा.