शहादेवाचा पंप, बायनाबाईचा श्वास

मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे हो मित्रांनो, दम्याचा. माझी निळी खोळ पार विटली आहे. आतली औषधाची डबी तेवढी बदलत राहते. आताही अंबाजोगाईच्या एसटीत शहादेवाच्या खिशात मी खडखडतो आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण समोरच्या बाकावर त्याची भाची शिवकन्या खोकते आहे.

केजच्या औषधाच्या दुकानातून मी शहादेवाकडे आलो. तो ऊसतोड करतो. फडात त्याची छाती शिट्टी वाजवू लागली की तो मला तोंडात धरी, दाबी, श्वास ओढी आणि थोड्या वेळाने पुन्हा कोयता उचली. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक बसला की दोघांचं काम बसतं. म्हणून माझा मान मोठा. खंडेनवमीला त्याची बायको कोयत्याबरोबर मलाही हळदकुंकू वाही. मला शिंकच यायची बाकी राही, पण मिरवायला कुणाला आवडत नाही?

त्याच्या ऊसतोडीच्या टोळीतच त्याची धाकटी बहीण होती, बायनाबाई. विडीला कधी शिवली नाही, तरी मोळी डोक्यावर घेतली की तिला धाप लागे. शहादेवानं मायेनं मला तिच्या हाती दिलं.

"आपण एकाच आईची लेकरं हाव," तो म्हणाला. "मला गुण येतो, मग तुला कावून येणार न्हाई?"

मी जीव तोडून औषध सोडलं. तिची धाप हटेना. मग टोळीत कुजबूज सुरू झाली, की हिला नीट ओढता येत नाही, ही अंगचोर आहे. मला भारी राग आला. श्वासासाठी तिची चाललेली तडफड मला कळत होती. पण पंपाचं कोण ऐकतो!

एका सकाळी फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापताना तिचे ओठ निळे पडले आणि ती चुलीपाशीच कोसळली.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं आणि भावंडांना समोर बसवून समजावलं. फुप्फुसांना जपणारं एक प्रथिन आपल्या यकृतात तयार होतं. ते बनवणारं जनुक बायनाबाईला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेलं मिळालं होतं. त्यामुळे चुलीच्या धुरानं तिची फुप्फुसं लवकर झिजली. शहादेवाचा दमा वेगळा. त्याच्या आवळलेल्या श्वासनळ्या मी मोकळ्या करतो. झिजलेलं फुप्फुस मी कुठून भरून आणू? आई एक असली तरी प्रत्येक लेकराच्या वाट्याला जनुकं वेगळी येतात, म्हणून औषधाचा गुणही वेगळा. बाईंनी तिला धूर वर्ज्य केला, दुसरे उपचार सुरू केले आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. ते मात्र राहून गेलं.

आज सकाळी टोळीचा ट्रक गावात उभा होता. बायनाबाईच्या जागी तिची लेक शिवकन्या बापाबरोबर कोयता धरायला निघाली होती. ट्रकमध्ये चढता चढता तिला खोकल्याची ढास लागली. शहादेवानं झटकन मला बाहेर काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

बायनाबाई धापा टाकत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"दादा, ठेव ते खिशात," ती म्हणाली. "आधी लेकीचं रगत तपासू. तवर ती धुरात जाणार न्हाई."

शहादेवानं मला परत खिशात ठेवलं. ट्रक त्या दोघांवाचून गेला आणि मामा-भाची रक्त तपासायला अंबाजोगाईच्या एसटीत बसली.

मित्रांनो, शेजाऱ्याला मीठ द्या, विरजण द्या, पण आपलं औषध उसनं देऊ नका. आणि गुण आला नाही, तर आजारी माणसाला बोल लावू नका.

शिवकन्येच्या रक्तात काय निघेल, मला ठाऊक नाही. ती खिडकीशी बसून पुन्हा खोकते. शहादेवाचा हात सवयीनं खिशाकडे येतो, माझ्यापाशी थांबतो आणि रिकामाच परत जातो.